लेबर रूममध्ये नवी ड्यूटी: सिस्टरसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शक

लेबर रूम म्हणजे बाळ बाहेर येतानाची धावपळ, अशी नव्या सिस्टरची बहुधा समजूत असते. प्रत्यक्षात ड्यूटीचा मोठा भाग पोटावर हात ठेवून कळा मोजण्यात, बाळाचे ठोके ऐकण्यात आणि ते वेळेसह लिहिण्यात जातो. नाळ खाली येणं किंवा खांदा अडकणं सोडलं, तर बहुतेक बिघाड आधी खुणा दाखवतात. पल्स हळूहळू चढते, कळांमधलं अंतर कमी होत जातं, कळ संपल्यावर ठोके सावरायला वेळ लागतो. म्हणून या लेखात प्रसूती करण्यापेक्षा बघणं, मोजणं आणि वेळेत हाक मारणं यांना जास्त जागा दिली आहे. औषधांचे डोस सर्वसाधारण वापरातले आहेत. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची ऑर्डर नेहमी त्यांच्या वर.

ड्यूटी घेताना

ओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती, टेबलाशी बसून घेऊ नका, कॉटजवळ उभं राहून घ्या. प्रत्येक बाईचं पोट, पॅड, सलाईन आणि शीट स्वतः बघा. सलाईन चालू असेल तर चार गोष्टी विचारा: बाटलीत काय घातलंय, किती युनिट, किती वाजता लावली, आत्ता मिनिटाला किती थेंब. लेबल नसलेल्या बाटलीवर तोंडी खात्रीने विश्वास ठेवायचा नाही. ती काढून लेबल लावलेली नवी बाटली लावायची.

मग उपकरणं. अंबू बॅग (बाळाला श्वास देणारी हातपिशवी) नुसती जागेवर आहे म्हणून टिक करू नका. मास्क तळहातावर घट्ट टेकवून बॅग दाबा. हाताला दाब जाणवला पाहिजे, जोरात दाबल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला पाहिजे आणि सोडल्यावर बॅग लगेच फुगली पाहिजे. ० आणि १ नंबरचे दोन्ही मास्क हवेत; पूर्ण दिवसांच्या बाळाला ० नंबर लावला तर कडेने हवा जाते आणि छाती उचलत नाही. सक्शन चालू करून बघा. नवजात बाळासाठी दाब ८० ते १०० मिमी पारा, त्याहून जास्त नको. ऑक्सिजन सिलेंडर उघडायची चावी सिलेंडरलाच बांधलेली असावी. वॉर्मर (बाळाला ऊब देणारं टेबल) प्रसूतीच्या वेळी नव्हे, आधीच गरम करून ठेवायचा.

गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर आहे ना, हे बघा. ट्रेमध्ये दिवसभर उघड्यावर पडलेलं इंजेक्शन दिसायला तेच असतं, पण त्याची ताकद उतरलेली असू शकते, आणि ते कळतं गर्भाशय आवळत नाही तेव्हाच. झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटच्या शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेट ठेवलेलं असलंच पाहिजे, कारण ते त्याचं उतारा औषध आहे.

प्रसूतीच्या ट्रेमध्ये किमान दोन आर्टरी फोर्सेप्स, नाळ कापायची कात्री, कॉर्ड क्लॅम्प, वारेसाठी भांडं, स्वॉब आणि बाळासाठी दोन कोरडे गरम टॉवेल. टाक्यांचा ट्रे वेगळा. स्वॉब किती ठेवले तो आकडा फळ्यावर लिहा आणि टाके झाल्यावर पुन्हा मोजा. आत राहिलेला एक स्वॉब काही दिवसांनी दुर्गंधी, ताप आणि जंतुसंसर्ग घेऊन परत येतो, आणि मोजणी लिहिलेली नसेल तर तो कुणाच्या ड्यूटीत राहिला हेही सांगता येत नाही.

बाई दाखल होते तेव्हा

दारातून आत येतानाच बघा. चालता येतंय का, कळेच्या वेळी श्वास रोखून खाली जोर लावते आहे का? जोर लावत असेल तर कागदपत्रं नंतर. आधी टेबलावर घ्या, ग्लोव्ह घाला.

घाई नसेल तर आधी चार प्रश्न: कळा कधीपासून आणि किती वेळाने येताहेत, पाणी गेलं का आणि कोणत्या रंगाचं, अंगावरून रक्त जातंय का, बाळ हलतंय का. मग किती आठवडे, आधीच्या प्रसूती कशा झाल्या, सिझेरियन झालंय का, मागच्या वेळी जास्त रक्तस्राव झाला होता का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. तपासणीच्या कागदांतून रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसचे रिपोर्ट शोधा. हिमोग्लोबिन कमी असेल तर लगेच ठळक लिहून ठेवा. अशा बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

त्यानंतर बीपी, पल्स, ताप, श्वास, लघवीतलं प्रोटीन. बीपी कळेच्या मधल्या वेळात घ्या, कळ चालू असताना ते वाढलेलं दिसतं. १४०/९० किंवा जास्त आलं तर डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि बरगडीखाली उजव्या बाजूला दुखतंय का, हे विचारा आणि कळवा. १६०/११० वर तासाभराच्या आत औषध सुरू झालेलं असायला हवं.

पोट तपासून बाळाची पाठ कोणत्या बाजूला आणि डोकं खाली आहे ना, ते बघा, मग ठोके. आतून तपासणी सगळ्यात शेवटी. आणि रक्त जात असेल तर वार खाली नाही ना, हे सोनोग्राफीवरून कळेपर्यंत पीव्ही, म्हणजे ही आतून तपासणी, करायचीच नाही. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर बोट लागल्याने मोठा रक्तस्राव सुरू होऊ शकतो.

कळा हाताने मोजायच्या

यंत्र असलं तरी हात शिकवावा लागतो, कारण मशीनचा पट्टा ढिला असेल तर आलेखावर कळच उमटत नाही. शिवाय कळ किती जोराची आहे हे बाहेरून लावलेल्या पट्ट्याला कळतच नाही.

बोटांचे पेर गर्भाशयाच्या माथ्यावर, म्हणजे फंडसवर, अलगद ठेवा. पूर्ण १० मिनिटं हात हलवू नका. किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, ते मोजा. बाईला दुखायला लागण्याच्या जरा आधी पोट कडक व्हायला लागतं आणि दुखणं थांबल्यावरही क्षणभर कडक राहतं. म्हणून "दुखतंय का, थांबलं का" असं विचारून काढलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. कळ ऐन भरात असताना बोट दाबून बघा: नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर सौम्य, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं लागलं तर जोरदार.

चांगल्या चालू प्रसूतीत १० मिनिटांत ३ ते ५ कळा असतात. ५ पेक्षा जास्त आल्या, किंवा एखादी कळ ६० सेकंदांच्या पुढे गेली, तर कळवायचं. त्याहूनही महत्त्वाचं, दोन कळांच्या मध्ये पोट पूर्ण मऊ होतंय का? बाळाला वारेतून ताजं रक्त मिळतं ते याच मोकळ्या वेळात. पोट सैलच पडत नसेल, लाकडासारखं कडक असेल आणि दुखणं सतत असेल, तर वार आतून सुटल्याची शंका घ्या. बाहेर रक्त दिसत नसलं तरी.

ठोके ऐकताना होणाऱ्या चुका

नॉर्मल ठोके मिनिटाला ११० ते १६०. चालू प्रसूतीत दर ३० मिनिटांनी, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावर दर ५ मिनिटांनी ऐकायचे. ऑक्सिटोसिन चालू असेल तर पहिल्या टप्प्यातही, म्हणजे तोंड पूर्ण उघडण्याआधीही, दर १५ मिनिटांनी.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे दोन कळांच्या मध्ये, बाई शांत पडलेली असताना, १५ सेकंद ऐकून चारने गुणणं. आकडा सुंदर येतो आणि काहीच सांगत नाही. बाळ दमायला लागलं की ठोके आधी घसरतात ते कळेच्या उत्तरार्धात आणि ती संपल्यावर. म्हणून कळ चालू असताना ऐकायला सुरुवात करा आणि ती संपल्यावर किमान ३० सेकंद ऐकत राहा. एकूण पूर्ण एक मिनिट.

दुसरी चूक जास्त धोक्याची. डॉपलर (पोटावर ठेवून ठोके ऐकायचं यंत्र) कधीकधी आईचीच पल्स पकडतो. आईला ताप किंवा भीतीने १२० पल्स असेल तर ती बाळाचे ठोके म्हणून सहज खपते. प्रत्येक वेळी एक हात आईच्या मनगटावर ठेवा. दोन्ही ताल एकदम पडत असतील तर तुम्ही बाळाला ऐकत नाही आहात, डॉपलर हलवा.

सीटीजी (बाळाचे ठोके आणि कळा कागदावर उतरवणारं यंत्र) लावला तर कागदावर नाव, तारीख, वेळ आणि आईची पल्स लिहा. कागदाचा वेग मिनिटाला १ सेंमी आहे की ३ सेंमी, हे बघितल्याशिवाय आलेख वाचू नका. वेग वेगळा असला तर तीच घसरण पसरट किंवा टोकदार दिसते.

ठोके बिघडले तर क्रम असा: ऑक्सिटोसिन बंद, आई डाव्या कुशीवर, हाक मारा, आईचं बीपी-पल्स-ताप घ्या, नाळ खाली आली आहे का आणि तोंड किती उघडलंय यासाठी पीव्ही, बीपी कमी असेल तर सलाईन जलद. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. कुशी बदलून ठोके सुधारले तरी डॉक्टरांना कळवायचंच.

पीव्ही आणि आलेख

आतून तपासणी साधारण दर ४ तासांनी. मधे कारण असेल तरच: खाली जोर येतोय, ठोके बिघडलेत, एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून दिलेलं औषध) द्यायचंय. "किती झालं बघूया" हे कारण नव्हे. पाणी गेल्यावर प्रत्येक तपासणी जंतू वर नेते. आधी सांगा, संमती घ्या, लघवी करून यायला सांगा, पडदा ओढा. कळेच्या मधे तपासा. तोंड किती सेंमी, किती पातळ, डोकं किती खाली, पाण्याची पिशवी आहे का, पाण्याचा रंग, डोक्यावर सूज आणि हाडं एकावर एक चढलीत का, हे सगळं एका तपासणीत बघून बाहेर या. शक्यतो पुढची तपासणीही त्याच व्यक्तीने करावी; दोन जणींच्या बोटांत एक सेंमीचा फरक सहज पडतो.

पिशवी आपोआप फुटली किंवा फोडली, की त्याच क्षणी ठोके ऐका आणि वेळ लिहा. हिरवट किंवा काळपट पाणी म्हणजे बाळाने आत शी केली आहे. नवजात बाळाचं रिससिटेशन (बंद पडलेला श्वास सुरू करून देणं) येणाऱ्या व्यक्तीला तेव्हाच बोलावून ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये चालू प्रसूती ५ सेंमीपासून धरली जाते. जुन्या पार्टोग्राफमध्ये (प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखात) ती ४ सेंमीपासून, आणि तासाला १ सेंमीची अलर्ट लाइन. तुमच्याकडे जो आहे तो वापरा, पण दोन्हींचे नियम मिसळू नका. नव्या गाइडमध्ये ५ सेंमीवर ६ तास, ६ वर ५ तास, ७ वर ३ तास, ८ वर अडीच तास आणि ९ वर २ तास अडकलं तर इशारा समजायचा.

आलेख प्रसूती झाल्यावर आठवून भरणं हा सगळीकडचा रोग आहे. तसा भरलेला आलेख नेहमी सरळ चढतो, ठोके सगळे १४० असतात आणि तो कुणाच्या कामाचा नसतो. हातातलं काम सोडता येत नसेल तर वेळ आणि आकडा ग्लोव्हच्या पाकिटावर का होईना लिहा आणि दहा मिनिटांत शीटवर उतरवा.

कळा सोसणाऱ्या बाईसाठी

सोबत तिने निवडलेली व्यक्ती असू द्या. चालू द्या, बसू द्या, कुशीवर झोपू द्या. फक्त उताणं सपाट झोपवू नका, कारण गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून आईचं बीपी आणि बाळाचे ठोके दोन्ही उतरतात. धोका कमी असेल तर पाणी, पेज, सरबत द्यायला हरकत नाही. दर दोन तासांनी लघवीला पाठवा. भरलेलं मूत्राशय डोक्याला खाली येऊ देत नाही आणि नंतर गर्भाशयाला आवळू देत नाही, हे दोन्ही टप्प्यांवर आठवावं लागतं.

एपिड्युरल दिल्यावर पहिली २० मिनिटं दर ५ मिनिटांनी बीपी. पायात ताकद नसताना उठवू नका. तिला लघवीची जाणीव होत नाही, म्हणून मूत्राशय तुम्ही हाताने तपासायचं.

ओरडणाऱ्या बाईवर ओरडू नये, हे सांगावं लागू नये, तरी सांगतो. घाबरलेली बाई सूचना ऐकू शकत नाही आणि मग ऐन वेळी "आता जोर लावू नका" हेही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. वाक्यं छोटी ठेवा आणि एका वेळी एकाच व्यक्तीने बोला.

ऑक्सिटोसिनची सलाईन

कळा वाढवायला ५०० मिलीमध्ये ५ युनिट घातले तर १ मिलीत १० मिलीयुनिट होतात. मिनिटाला २ मिलीयुनिटपासून सुरुवात करायची असेल तर मिनिटाला ०.२ मिली हवं. १ मिलीला २० थेंब पडणाऱ्या साध्या सेटवर ते ४ थेंब, ६० थेंब पडणाऱ्या मायक्रो सेटवर १२ थेंब. आता कुणी "१२ थेंबांवर ठेवा" एवढंच सांगितलं आणि सेट साधा असला, तर डोस तिप्पट होतो. म्हणून थेंबांबरोबर सेटही लिहायचा. पंप असेल तर हा प्रश्नच येत नाही, पंप हवाच.

दर ३० मिनिटांनी, आधी कळा आणि ठोके बघूनच वाढवायचं. १० मिनिटांत ३-४ चांगल्या कळा आल्या की वाढवणं थांबवा. १० मिनिटांत ५ च्या वर कळा, किंवा ठोके बिघडले, तर बंद करा, परवानगीची वाट बघू नका. औषध रक्तात फार टिकत नाही, काही मिनिटांत उतार सुरू होतो. आधी सिझेरियन झालेल्या बाईला ही सलाईन डॉक्टरांच्या स्पष्ट लेखी ऑर्डरशिवाय लावायची नाही.

बाळ येताना

गुदद्वार उघडल्यासारखं दिसणं, पेरिनियम (योनी आणि गुदद्वार यांच्या मधला भाग) फुगणं, कळेच्या शेवटी आपोआप जोर येणं या खुणा दिसल्या की पीव्ही करून तोंड पूर्ण १० सेंमी उघडल्याची खात्री करा. त्याआधी जोर लावायला लावलं तर तोंड सुजतं आणि बाई दमते. पूर्ण उघडल्यानंतर पहिलटकरणीला ३ तासांपर्यंत आणि आधी प्रसूती झालेल्या बाईला २ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, ठोके चांगले असतील तर.

डोकं दिसू लागलं की गरम पाण्यात पिळलेलं कापड पेरिनियमवर धरा आणि एका हाताने आधार द्या. डोकं भसकन बाहेर येऊ देऊ नका. याच वेळी "जोर थांबवा, तोंडाने श्वास सोडा". पोटावरून ढकलणं बंद म्हणजे बंद, कुणीही सांगितलं तरी. त्याने गर्भाशय फाटू शकतं आणि खांदा अडकला असेल तर तो आणखी घट्ट होतो. वाट मोठी करायला पेरिनियमवरचा काप प्रत्येकीला द्यायचा नसतो. डोकं बाहेर आल्यावर मानेभोवती नाळ आहे का, ते बोटाने बघा. सैल असेल तर डोक्यावरून काढा.

जन्माची वेळ मोठ्याने सांगा.

पहिला मिनिट

बाळ आईच्या पोटावर ठेवून लगेच आणि नीट पुसा: डोकं, पाठ, काखा. ओला टॉवेल फेकून कोरडा घाला. पुसतानाच बघा, रडतंय किंवा श्वास घेतंय का. घेत असेल तर नाकातोंडात सक्शन नळी घालू नका. घशाच्या मागे नळी टोचली की ठोके मंदावतात. आईच्या उघड्या छातीवर त्वचेला त्वचा, वर टोपी आणि कोरडं कापड. नाळ १ ते ३ मिनिटांनी कापायची. पहिल्या तासात स्तनपान सुरू व्हावं. वजन, इंजेक्शन, फोटो सगळं त्यानंतर. व्हिटॅमिन के पूर्ण दिवसांच्या बाळाला १ मिग्रॅ मांडीत.

श्वास घेत नसेल तर पाठ चोळा. तरीही नाही, तर नाळ कापून वॉर्मरवर, मान किंचित मागे, गरज असेल तर आधी तोंड मग नाक साफ, आणि जन्मापासून एका मिनिटाच्या आत अंबूने श्वास. मिनिटाला ४० ते ६०. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेने. छाती उचलते आहे का, हाच खरा मापदंड. उचलत नसेल तर बहुतेक वेळा मास्क नीट बसलेला नसतो किंवा मान वाकलेली असते. ते दुरुस्त करा, बॅग नुसती जोरात दाबू नका. छाती उचलणारे श्वास ३० सेकंद देऊनही ठोके ६० च्या खाली असतील तर छाती दाबणं सुरू: तीन दाब, एक श्वास. ठोके ६ सेकंद मोजून दहाने गुणा. अपगार गुण (बाळाचा रंग, ठोके, श्वास वगैरे बघून दिलेले) १ आणि ५ मिनिटांनी लिहायचे असतात, पण मदत सुरू करायला त्या गुणांची वाट बघायची नाही.

वार आणि त्यानंतरचा तास

बाळ झाल्यावर पोटात दुसरं बाळ नाही याची हाताने खात्री करा आणि एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत द्या. शिरेतून एकदम जोरात कधीच नाही, बीपी कोसळतं.

वार सुटल्याच्या खुणा: नाळ लांबते, रक्ताचा झोत येतो, गर्भाशय गोल होऊन वर चढतं. एका हाताने जघनाच्या हाडावर गर्भाशयाला वर आधार दिल्याशिवाय, आणि गर्भाशय आवळलेलं नसताना, नाळ ओढायची नाही. नाळ तुटते किंवा गर्भाशय उलटं होऊन बाहेर येतं. ३० मिनिटांत वार आली नाही तर डॉक्टर.

वार आल्यावर ती सपाट पसरून दोन्ही बाजूंनी बघा. आईकडच्या बाजूचे सगळे तुकडे जुळतात का? पडदे पूर्ण आहेत का? पडद्यावर एखादी रक्तवाहिनी कडेपर्यंत जाऊन तुटल्यासारखी दिसत असेल तर आत जास्तीचा तुकडा राहिला असू शकतो. "वार पूर्ण" हे न बघता लिहिलेलं वाक्य मध्यरात्रीच्या रक्तस्रावाचं कारण ठरतं.

पहिला तास दर १५ मिनिटांनी पल्स, बीपी, फंडस आणि पॅड. फंडस बेंबीच्या आसपास, कडक, मध्यावर हवा. वर सरकलेला आणि एका बाजूला असेल तर मूत्राशय भरलंय. आधी ते रिकामं करा.

रक्तस्राव

डोळ्यांचा अंदाज जवळपास नेहमीच कमी निघतो. म्हणून मोजा: खाली मापाची पिशवी लावा, पॅड वजन करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. कोरडा पॅड ३० ग्रॅम आणि भिजलेला १८० ग्रॅम असेल तर १५० मिली. ५०० मिलीला उपचार सुरू व्हायलाच हवेत, आणि पल्स १०० च्या वर किंवा बीपी उतरतं असेल तर ३०० मिलीलाच. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि मग एकदम पडतं. पल्स त्याच्या खूप आधी बोलते. पल्सचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याहून मोठा झाला की ती शॉकमध्ये जाते आहे.

मदतीला हाक मारा आणि कामं वाटून एकदम सुरू करा. एक जण फंडस चोळते. दुसरी दोन जाड कॅन्युला लावते, हिरव्या किंवा राखाडी, आणि क्रॉसमॅचला (रक्त जुळवून बघायला) रक्त काढते. ऑक्सिटोसिन १० युनिट ५०० मिली सलाईनमध्ये १० मिनिटांत, नंतर २० युनिट १ लिटरमध्ये ४ तासांत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव थांबवायला मदत करणारं औषध) १ ग्रॅम शिरेतून सावकाश १० मिनिटांत, आणि प्रसूतीपासून ३ तासांच्या आत; त्यानंतर त्याचा फायदा राहत नाही. कॅथेटर घाला. एक जण फक्त वेळ आणि औषधं लिहिते. हे पायरीपायरीने "आधी हे करून बघू" असं करायचं नसतं, कारण त्यात अर्धा तास जातो.

फंडस मऊ असेल तर गर्भाशय आवळत नाहीये. कडक असूनही रक्त जात असेल तर कुठेतरी फाटलंय. चांगल्या उजेडात योनीमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड बघायला डॉक्टर हवेत. मिथर्जिन (गर्भाशय आवळणारं दुसरं औषध) द्यायच्या आधी बीपी बघा, वाढलेलं असेल तर देऊ नका. रक्त गोठतंय का, हे साध्या काचेच्या नळीत ५ मिली घेऊन कळतं: ७ मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही तर गोठण्यात बिघाड आहे.

बाकीच्या तीन गडबडी

झटका आला तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, ऑक्सिजन द्या, पडू देऊ नका, तोंडात काहीही घालू नका. मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून सावकाश: ५० टक्क्यांचं ८ मिली आणि सलाईन १२ मिली, मिळून २० मिली. ॲम्प्यूलवरची टक्केवारी वाचूनच भरा. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी: गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, लघवी गेल्या ४ तासांत १०० मिली झाली का. तीनपैकी एक जरी नसेल तरी डोस थांबवा. श्वास मंदावला तर अंबू आणि कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम सावकाश.

नाळ खाली आली तर हात आत घालून डोकं वर उचलून धरा आणि ऑपरेशन होईपर्यंत तो हात काढू नका. नाळ हाताळू नका. बाई गुडघ्यांवर, छाती खाली.

डोकं बाहेर येऊन परत आत ओढलं गेलं तर खांदा अडकलाय. वेळ सांगा, हाक मारा, दोन्ही मांड्या पोटाकडे घट्ट वाकवा आणि जघनाच्या हाडाच्या वर, बाळाच्या पाठीकडून, तळहाताने दाबा. डोकं ओढू नका, मानेच्या नसा तुटतात.

डॉक्टरांना फोन

"पेशंट बरी वाटत नाही, या" असं सांगितलं तर समोरचा पाच प्रश्न विचारतो आणि दोन मिनिटं जातात. असं सांगा: "लेबर रूममधून सिस्टर बोलतेय. तीन नंबर कॉट, पहिलटकरीण, ३९ आठवडे, ७ सेंमी. गेल्या दहा मिनिटांत ठोके दोनदा १०० च्या खाली गेले, कळ संपल्यावरही सावरायला मिनिट लागतोय. ऑक्सिटोसिन बंद केलंय, कुशीवर घेतलंय, बीपी ११०/७०. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं." फोनची वेळ आणि मिळालेली ऑर्डर लिहा, ऑर्डर परत वाचून दाखवा. दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर पुढच्या डॉक्टरांना फोन करायचा; त्यात कुणाचा अपमान होत नाही.

बाळ गेलेलं असेल तर

मृत बाळ झाकून घाईने बाहेर नेऊ नका. बघायचंय का, हातात घ्यायचंय का, हे आईवडिलांना विचारा आणि नाही म्हणाले तर थोड्या वेळाने पुन्हा विचारा. शक्य तर तिला रडणाऱ्या बाळांच्या वॉर्डात ठेवू नका. दोन-चार दिवसांत दूध येईल हे तिला आधी सांगा, नाहीतर घरी एकटीला ते कळतं. तिचा रक्तस्राव आणि फंडस इतरांइतक्याच काटेकोरपणे बघायचा असतो, आणि नेमकं तेच अशा वेळी राहून जातं.

वॉर्डात पाठवताना

ओळखपट्टी बाळ आईपासून क्षणभरही दूर नेण्याआधी बांधा, दोघांच्या हाताला एकच नंबर, आईला वाचून दाखवून. साधारण दोन तासांनी पाठवायचं, पण आधी बघा: फंडस कडक आहे का, गेल्या अर्ध्या तासात पॅड किती भिजला, लघवी झाली का, टाक्यांच्या जागी वाढती सूज किंवा असह्य दुखणं आहे का, बाळाने छाती धरली का, बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ च्या मधे आहे का. वॉर्डच्या सिस्टरचा हात स्वतः फंडसवर ठेवून दाखवा, एकूण रक्तस्राव मिलीमध्ये सांगा, स्वॉबची मोजणी जुळल्याचं सांगा आणि शीटवर दोघींनी सही करा.